फागूबाबांचा टाक

काडतुसाची रिकामी पुंगळी हातात आली की फागूबाबा आधी तिच्या तोंडावर फुंकर मारायचे आणि कान देऊन ऐकायचे. शीळ वाजली तर ती कामाची. चिरलेली असली की नुसती फसफस यायची. "हे खोकलते जी," म्हणत ते ती फेकून द्यायचे.

दरेकशाच्या पलीकडे रानातल्या एका गावात मी मास्तर म्हणून नुकताच रुजू झालो होतो. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. गोंदियाचा एक लाकडाचा ठेकेदार तिथं शिकारीला यायचा. फागूबाबा आणि त्यांचा एकुलता एक मुलगा मंगलू हाक्याला जायचे, म्हणजे डबे बडवत जनावर बंदुकीपुढं आणायचे. मागं पडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या बाबा वेचून आणत. बूड कापायचं, आत पळसाची लाख वितळवून ओतायची, तोंडाशी बाजारातली निब आणि मागं सायाळीचा काटा. झाला टाक! शाळेतल्या एकूण एक पोराला त्यांनी तो फुकट दिला होता. स्वतःला अक्षर येत नव्हतं, पण दाराशी उकिडवे बसून पोरांचं लिहिणं बघत राहायचे. कुणी निब वाकवली की झापायचे, "लिवून रायला का नांगर हाकून रायला बे?"

एका हाक्यात झुडूप हललं म्हणून ठेकेदारानं बार टाकला. झुडपामागं मंगलू होता.

मातीनंतर तिसऱ्या दिवशी बाबा शाळेत आले. रडून रडून आवाज बसला होता. हातात नवा टाक होता.

"हे त्याच बारची पुंगळी हाये, गुरुजी. इनं पोरगा नेला, आता इनंच लिवा. इच्यातून खोटं निंगनार नाही."

मलाही ते तेव्हा पटलं. मी त्याच टाकानं अर्ज लिहिला आणि गोंदियाला पोलिसांच्या मोठ्या साहेबाकडं धाडला. लिहिताना अंगात वारं शिरलं होतं, आपण फार मोठं काम करतोय असं वाटत होतं.

आठ दिवसांनी फौजदार आला आणि उतरला ठेकेदाराच्याच तंबूत. पंचनामा लिहायला मला बोलावलं. ठेकेदार गोड हसत म्हणाला, "मास्टरजी, नौकरी अभी नई-नई है न आपकी? घर में कौन-कौन है?"

घरात आई होती आणि लग्नाच्या दोन बहिणी. हे कारण मी पुढं स्वतःला शंभरदा सांगितलं, एकदाही पुरलं नाही.

फौजदार सांगत गेला, मी लिहीत गेलो. रानडुकरानं फाडल्यामुळं मृत्यू. समोर फागूबाबा बसले होते, निबेवर डोळे लावून. त्या पुंगळीचाच टाक त्यांनी माझ्या हातात दिला होता. लिहून झाल्यावर म्हणाले, "वाचून दाखवा जी."

मी फौजदाराकडं पाहिलं. तो बाहेर बघत होता.

मी वाचलं, "मंगलू वल्द फागू, हाक्यात बंदुकीची गोळी लागून मेला."

बाबांनी मान हलवली आणि अंगठा दिला. ठेकेदारानं मला पान पुढं केलं. मी ते खाल्लं.

त्यानंतर बाबा हाक्याला गेले नाहीत, त्यामुळं पुंगळ्याही आल्या नाहीत. पोरांचे टाक एकेक करून मोडले. दर बाजाराच्या दिवशी ते शाळेच्या दाराशी यायचे. "उत्तर आलं का जी?" मी नाही म्हणायचो. "मोठ्या सायबाले लय कामं रायतेत," असं म्हणून माझीच समजूत घालायचे. दोन वर्षं हे चाललं. मला शाळेचं दार नकोसं झालं. कितीदा तरी खरं सांगायचं ठरवलं आणि कितीदा तरी फळ्याकडं तोंड फिरवलं. शेवटी हातापाया पडून बदली करून घेतली.

निघालो त्या दिवशी ते दरेकशाच्या स्टेशनवर आले. वाळून काटकी झाले होते. गाडी आली तसे जवळ सरकले.

"गुरुजी, एक इचारू का? आता उत्तर येवो का नको येवो. म्या अंगठा देल्ला त्या कागदात मंगलूचं नाव तं बराबर लिवलं ना जी?"

"हो बाबा. बरोबर लिहिलं."

त्यांना केवढं बरं वाटलं! गाडी हलली तरी ते हात जोडून उभे होते. त्या कागदाबद्दल मी त्यांना सांगितलेलं तेवढंच एक खरं होतं.