लोटन ऑपरेटरचा जोड

लोटन ऑपरेटरला मी आजही माफ केलेलं नाही. त्याच्याइतक्या डोकेबाज माणसाला धरणगावात तोड नव्हती, हेही तितकंच खरं.

तंबू टॉकीजचं मशीन तो चालवायचा. खेळाआधी गावाचीच मुकी चित्रं दाखवायची ही त्याची टूम. बाजारात कॅमेरा घेऊन फिरून तो ती स्वतः काढायचा, फिल्म कापायचा, तुकडे ब्लेडने खरवडून चिकटवायचा. एकदा केवलचंद शेठचा मख्ख चेहरा त्याने जिलबीच्या कढईला जोडला. लोक ओरडले, "शेठना तोंडले पानी सुटनं!" तोच चेहरा पुढच्या आठवड्यात तिरडीला जोडला, तर बायांनी डोळ्यांना पदर लावले. "चेहऱ्यात काही नसतं भाऊ," लोटन मला म्हणाला, "मागं-पुढं काय जोडलं, त्याच्यात सगळं."

अडुसष्ट साली एक जिन, कापसातली सरकी काढायचा कारखाना, पेटला. बाजारातल्या रुपचंदचा धाकटा भाऊ आत जळून मेला. आग कोणी लावली ते कळलंच नाही. लोटनने लांबून ज्वाळा टिपल्या होत्या. त्या नुसत्या फिक्या वाटल्या, म्हणून त्याने पोळ्याच्या दिवशीचा तुकडा मध्ये घातला: हिलाल हमाल, तोंड वासून हसताना. आगीत ते तोंड किंकाळी फोडल्यासारखं दिसेल, असा त्याचा अंदाज. मी म्हटलं, अरे, मेलेल्याची माणसं येतील बघायला. पण तो ऐकतो कुठला!

पडद्यावर ज्वाळा, मग हिलालचे दात, मग पुन्हा ज्वाळा.

"हासी राह्यना दखा!" रुपचंदने तंबूची खुंटी उपटली. हिलाल समोरच बसला होता, स्वतःला पडद्यावर बघून खूश. पहिला घाव कानशिलावर बसला. मग वीसेक जण तुटून पडले. हात मोडल्याचा आवाज मी ऐकला. कोणीतरी डोळ्यात टाच घातली. लोटन धावत आला, "ते हासनं पोळानं शे! आगनं नही!" म्हणत हिलालवर आडवा पडला. त्याच्याही बरगड्या फुटल्या. मशीन तसंच चालू होतं.

हिलालचा डोळा गेला. महिन्याभराने लोटन मला घेऊन त्याच्या घरी गेला. पोळ्याचा तुकडा त्याने हिलालच्या बायकोच्या, सुंदरबाईच्या हातात दिला, चित्राच्या कोपऱ्यातलं बैलाचं रंगवलेलं शिंग दाखवलं. तिने तो उजेडात धरून नीट पाहिला.

"आगना दिन आम्ही दोन्ही पाचोराले व्हतूत. माले ठाऊक शे," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "पन त्या आगमा तुम्ही हासत काबर व्हतात?"

हिलालने उरलेला डोळा मिटून घेतला.