दाबलेलं पुस्तक

कॉलेजच्या ग्रंथालयातल्या बाइंडरला सगळे 'शिकंजा' म्हणत. तेवीस वर्षं त्याने पुस्तकं शिवून, लोखंडी शिकंज्यात आवळून सरळ केली होती. फुगलेलं पुस्तक दिसलं की त्याचे हात शिवशिवत. खोड म्हणा, दुसरं काय!

ब्रेलचं पुस्तक शिवायला आलं तेव्हाही त्याने तेच केलं. उशीसारखं फुगलेलं ते बाड दोन दिवस आवळून ठेवलं आणि चपटं झालेलं बघून शहाणा स्वतःवरच खूश झाला.

आज दुपारी बाराला ती आली. दृष्टी नसलेली, उद्या राज्यशास्त्राचा पेपर असलेली मुलगी. आणि पुस्तकाची प्रत ही एवढी एकच. तिने पानावर बोटं फिरवली. परत फिरवली.

"काका, कोरं पुस्तक दिलंत का?"

बोटांनी वाचायची ती टिंबंच त्याने सपाट केली होती! 'पुस्तक आधीच झिजलं होतं' म्हणून हात वर करावेत, असं क्षणभर वाटलं. कोणाला कळणार होतं? पण तिची बोटं अजून पानावर शोधत होती. त्याला ते बघवेना.

"माझ्याच हातून झालं, पोरी. मी दाबलं. उद्यासाठी काय हवंय?"

"शेवटची तीन पानं. बाकीचं पाठ आहे." ती घाईने म्हणाली. "पण ग्रंथालय पाचला बंद होतं, काका."

त्याने दाभणाचं टोक दगडावर घासून बोथट केलं. पान उलटं करून जुन्या स्वेटरच्या तुकड्यावर पसरलं. खिडकीच्या तिरप्या उजेडात खुणा जेमतेम दिसत होत्या. एकेक टिंब मागून उचलायचं. जोर जास्त झाला तर भोक, कमी पडला तर काहीच नाही. ती शेजारी बसून ओळ न् ओळ तपासत होती. तीन वाजले तरी दुसरं पान संपेना. घड्याळाकडे बघायची त्याची छाती होईना.

ग्रंथपाल मॅडम खिडक्या लावायला लागल्या, तेव्हा कुठे शेवटचं पान तिच्या हातात गेलं. मधेच तिचं बोट अडलं.

"काका, 'प्रत्येकाला कानाचा अधिकार आहे'?"

"म्हणजे?"

"कामाचा हवं. 'म'ला एक टिंब जास्त पडलं की 'न' होतो." दिवसभरात ती पहिल्यांदाच हसली. त्याचा अंगठा धरून तिने त्या टिंबावर ठेवला. "एवढं एक तुम्हीच दाबा."

त्याने अगदी हळू दाबलं.

तिने बोट फिरवलं. "कामाचा," ती म्हणाली.