हळू जायला सांगितलेल्यांचे नंबर

आमच्या घरात भिंतीवर माझी डिग्री लावलेली आहे, ती कलर झेरॉक्स आहे. खरी डिग्री अरेरा कॉलोनीतल्या एका ऑफिसच्या लोखंडी कपाटात आहे. नोकरीवर घेताना त्यांनी ओरिजिनल कागद जमा करून घेतले. तीन वर्षं काम करा, मग परत न्या, नाहीतर मधेच लीड, म्हणजे गटाचे प्रमुख, व्हा, लीड झालेल्याचे कागद लगेच परत मिळतात. आमच्या इथल्या छोट्या ऑफिसांत असं चालतं. मी सही केली. माझ्या आईवडिलांच्या दोन्हीकडच्या घरांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे डिग्री आपल्याजवळ ठेवायची असते हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. त्या दिवशी मला उलट बरंच वाटलं होतं, की आपल्या कागदाला कुलुपात ठेवण्याइतकी किंमत आहे.

काम काय, तर सायकल शर्यतीच्या गेममधल्या सायकलपटूंना नंबर देणं. हा गेम खेळणारा सायकल चालवत नाही, तो संघाचा मॅनेजर होतो. कोणाला संघात घ्यायचं, कोणाला काढायचं, कोणाला कुठे पाठवायचं हे तो ठरवतो, आणि ठरवतो कशावरून, तर आम्ही दिलेल्या नंबरांवरून. चढाचा नंबर वेगळा, शेवटच्या धावेचा वेगळा. माझ्याकडे टाइम ट्रायलचा होता. टाइम ट्रायल म्हणजे सगळे एकत्र सुटत नाहीत. एकेक जण मिनिटामिनिटाने सुटतो आणि एकटा घड्याळाविरुद्ध चालवतो. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. त्याला मी पन्नासपासून पंच्याऐंशीपर्यंत काहीतरी द्यायचं. कॉम्प्युटरवरच्या शीटमध्ये एका सायकलपटूची एक ओळ. परदेशातला खराखुरा माणूस, पाय त्याचे, फुप्फुसं त्याची, आणि नंबर भोपाळमध्ये दुसऱ्या मजल्यावर बसून मी देणार. मला याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू.

बाबा गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात लेथवर होते. जळगावकडून आले आणि इथेच राहिले. रिटायर होईपर्यंत सायकलनेच गेले-आले. मी काम समजावून सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, "मग मला किती?"

मी म्हटलं, "त्रेपन्न."

ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, सुरुवात कितीपासून होते. मी सांगितलं, पन्नासपासून.

"म्हणजे तीनच नंबर! एवढी वर्षं चालवून तीन!" आईकडे वळून म्हणाले, "सुनो, तुमची मुलगी मला तीन नंबरांनी पास करून राहिली."

"पास तर केलं ना," आई म्हणाली. "मी केलं नसतं."

ऑफिसात आम्ही अकरा जण मागच्या खोलीत बसायचो. खोलीला खिडकी होती, पण तिच्यात एसी बसवल्यावर उरलेल्या भागावर प्लायवूड ठोकलं होतं. बाहेर ऊन आहे की ढग आलेत हे जेवायला खाली उतरल्यावरच कळायचं. सर मूळचे इंदूरचे मराठी, बोलायला गोड. पहिल्या वर्षी त्यांनी मला सांगितलं, "तुमचा हात पक्का आहे. तुम्ही स्वतःच्या ओळी जरा हळू करा, पण बाकीच्यांच्या शीट तपासत जा." मी तपासत गेले. वर्षाच्या शेवटी माझ्या कागदावर शेरा आला, 'कामाचा वेग संथ'.

मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, "सर, हळू करा असं तुम्हीच सांगितलं होतं."

"हो ना. सांगितलं होतं."

"मग?"

"पण ते शीटमध्ये कुठे दिसतं, मॅडम? शीटमध्ये ओळी दिसतात."

तो शेरा निघाला नाही. महिनाभर मी मागे लागले, मग सोडून दिलं. सोडून दिलं म्हणजे तोंडाने सोडलं.

दुसऱ्या वर्षी मी ठरवलं की आता असं काही करायचं की दिसलंच पाहिजे. माझा विषय संख्याशास्त्र होता, ते काही वाया घालवायला शिकले नव्हते. तोवर आमच्याकडे टाइम ट्रायलचे नंबर अंदाजाने दिले जायचे. नाव ओळखीचं असलं की जास्त. मी पद्धत बांधली. जिंकणाऱ्यापेक्षा किती सेकंद मागे, त्याला अंतराने भागायचं, सगळ्या हंगामाची सरासरी काढायची आणि तिच्यावरून नंबर. कोणाच्या नावाचा दबदबा नाही, कोणाची दया नाही. शेजारच्या खुर्चीवरचा उज्जैनचा सहकारी त्याला 'ताईचं मीटर' म्हणायचा. "ताई, या बिचाऱ्यावर मीटर चढवू का?" असं विचारून एकेकाला चाळिसातून पन्नासावर आणून ठेवायचा, कारण मीटरवर कोणी पन्नासाच्याही खाली गेला तरी आम्हाला पन्नासाखाली देता यायचं नाही.

आमचं गिऱ्हाईक म्हणजे गेम बनवणारी कंपनी, तिला पद्धत आवडली. सरांनी सांगितलं की यंदाची टाइम ट्रायलची फाइल एकही शंका न निघता पास झाली, तर बढतीचं पत्र तयारच आहे. लीड, पुण्याच्या ऑफिसात. आणि कपाटाची किल्ली त्यांनी टेबलावर नुसती वाजवून दाखवली. बाबांनी ही बातमी गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली. मी भोपाळबाहेर कधी राहिलेली नव्हते.

फाइल गेली. बुधवारी ती बंद व्हायची होती. बंद झाली की पुढच्या हंगामापर्यंत नंबर हलत नाही. आदल्या शुक्रवारी गिऱ्हाइकाकडून छोटीशी विचारणा आली, नंबरांवर शंका नव्हे, नुसतं एकाच आडनावाच्या दोघांपैकी कोणता नंबर कोणाचा. मी पडताळायला त्या शर्यतीचा व्हिडिओ लावला. एरवी आम्ही व्हिडिओ बघत नसू. आमच्यापुढे निकालाचा तक्ता असायचा, व्हिडिओला वेळ नसायचा.

ज्याला शोधत होते तो आला. लांबोडका, नाक उन्हाने सोललेलं. मी त्याला छप्पन्न दिले होते. माझ्या डोक्यात छप्पन्नवाला म्हणजे धापा टाकणारा, दमलेला, जमत नसलेला माणूस. हा तर निवांत बसून चालवत होता. पाणी प्यायला. रस्त्याकडेला कोणीतरी ओळखीचं दिसलं असावं, त्याने हात हलवला. आणि वर्णन करणारा सांगत होता की याच्या कॅप्टनला उद्याच्या डोंगरावर याची गरज आहे, म्हणून याला आज जोर लावायचा नाही असं सांगितलेलं आहे. ठरलेल्या वेळेच्या आत पोचायचं, एवढंच.

मी व्हिडिओ थांबवला. त्याचे जुने निकाल काढले. एका दिवसाच्या शर्यतींत, जिथे दुसऱ्या दिवशी कोणासाठी राबायचं नव्हतं, तिथे तो आपल्या देशात दोनदा दुसरा आलेला होता. ते दोन निकाल माझ्या सरासरीत बुडून गेले होते. तीन-तीन आठवड्यांच्या शर्यतींत त्याला जितक्या वेळा हळू जायला सांगितलं होतं, तितक्या वेळा माझ्या मीटरने त्याला नालायक ठरवलं होतं.

मग बाकीचे बघितले. शनिवार त्यातच गेला. एकेचाळीस जण निघाले. सगळे दुसऱ्यासाठी राबणारे. मी एकेचाळीस माणसांच्या कागदावर 'संथ' लिहिलं होतं, आणि तेही दशांश चिन्हासकट.

सोमवारी सरांना सांगितलं. त्यांनी दार लावलं.

"मॅडम, गेम है. कोणी मरणार आहे का?"

"नंबर चुकीचे आहेत, सर."

"गिऱ्हाइकाने विचारलं?"

"नाही."

"मग तुम्ही का सांगताय? फाइल उघडायची म्हणजे शंका निघाली. शंका निघाली की पत्र कसं देऊ मी?" आणि मग जरा हळू आवाजात म्हणाले, "बघा, शेवटच्या पानावर 'तपासले, बरोबर आहे' या रकान्यात तुमची सही लागते. बुधवारपर्यंत करा. विचार करून करा."

त्यांना वाटलं होतं, विचार केला की मी सही करेन. मला पण तसंच वाटलं होतं.

संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांना सांगितलं. लहानपणापासून यांनी मला एकच गोष्ट हजार वेळा ऐकवलेली. लेथवरचा जॉब माप चुकून जाड राहिला तर पुन्हा लावता येतो, कमी उतरला तर गेला, भंगारात. म्हणून घाई करायची नाही आणि मायक्रोमीटर जे दाखवेल तेच लिहायचं. मला वाटलं, हे आता तेच सांगतील.

ते म्हणाले, "पास झालंय ना? मग गप बस. आधी कागद सोडवून आण."

"बाबा, पण माप खोटं आहे."

"ते लोखंड होतं. मशीन फुटलं असतं. इथे काय फुटणार आहे?"

"तुम्हीच तर म्हणायचात..."

"म्हणायचो. माझी डिग्री कुठे अडकली होती कपाटात? मी म्हणू शकत होतो."

आई कप उचलून आत गेली. मी भिंतीवरच्या झेरॉक्सकडे बघत बसले. झेरॉक्सवरचा शिक्का खऱ्या शिक्क्यापेक्षा जास्त लाल आहे. उन्हाने कडेचा भाग मात्र पिवळा पडत चाललाय.

दोन दिवस मी तो रकाना उघडून बंद करत होते. त्या लांबोडक्याला कधी कळणार नव्हतं, हे मला ठाऊक होतं. कुठेतरी कोणीतरी गेम लावेल, यादी बघेल, छप्पन्न दिसला की पुढे जाईल. एवढंच होणार होतं. शीटमध्ये जे दिसतं ते दिसणार होतं. आणि त्या रकान्यात सही माझी, पूर्ण नावाने, बी.एस्सी. असं पुढे लावून. आमच्या घराण्यात त्या अक्षरांची सही करणारी मी एकटी. दुसरं कोणी असतं तर कदाचित मी केलीही असती.

बुधवारी सकाळी रकान्यात लिहिलं, 'एकेचाळीस नंबर चुकीचे आहेत. पद्धत माझी, चूक माझी. दुरुस्त यादी सोबत.' आणि खाली सही केली.

दुरुस्ती वाटली तितकी सोपी नव्हती. संघाच्या एकूण बेरजेत फार फरक पडू द्यायचा नाही असा नियम, नाहीतर गेमचा तोल जातो. म्हणजे एकाला वाढवायचं तर दुसऱ्याचं कापायचं. छप्पन्नाचे एकाहत्तर केले, आणि त्याच्या संघातल्या दोन नामवंतांचे थोडे थोडे कापले. ते दोघं तर काही चुकलेले नव्हते.

गिऱ्हाइकाकडून उत्तर आलं, यादी मिळाली. बस्.

पत्र उज्जैनवाल्याला मिळालं. तो माझ्याकडे पेढा घेऊन आला आणि उभाच राहिला. म्हणाला, "ताई, शिव्या देऊन घ्या. मग पेढा घ्या." मी दोन्ही केलं. तो पुण्याला गेला. त्याची खुर्ची अजून माझ्या शेजारी रिकामी आहे, तिच्यावर सगळे डबे ठेवतात.

त्याचे कागद द्यायला सरांनी कपाट उघडलं तेव्हा मी म्हटलं, माझी डिग्री बघू एकदा. ते नाही म्हणाले नाहीत. प्लास्टिकच्या पिशवीत होती, आठ-दहा जणांच्या कागदांखाली. दुमडलेली नव्हती. कडा बघितल्या, नाव बघितलं. सर किल्ली हातात धरून थांबले होते. मग मीच ती पिशवीत घातली, होती तिथे सरळ ठेवली आणि वर बाकीचे कागद नीट रचले. अजून अकरा महिने आहेत.

बाबा आठवडाभर माझ्याशी कामापुरतंच बोलले. गल्लीत लोक विचारायचे, पुण्याला कधी, आणि ते दुसरीकडे बघून "होईल होईल" म्हणायचे. ते मला ऐकू यायचं. मग एका रविवारी मी कपडे वाळत घालत होते तेव्हा बाहेर येऊन बसले.

"त्या एकेचाळीस जणांचे वाढवलेस?"

"वाढवले."

"जे जोर न लावता चालवायचे, त्यांचे?"

"त्यांना तसं सांगितलेलं होतं, बाबा."

ते म्हणाले, "मग माझे पण बघ. मी तरी कुठे कधी जोर लावला? भोंग्याच्या आत पोचायचं, एवढंच. पोचल्यावर आठ तास उभं राहायचं होतं."

मी म्हटलं, "नियम आहे. वाढवायचं तर दुसरीकडे कापावं लागतं. कोणाचे कापू?"

त्यांनी आत आईच्या दिशेने बघितलं. मग मान हलवली.

"चढाचे काप," ते म्हणाले. "चढावर मी उतरून ढकलतच न्यायचो."