दारावरून तीनदा

१९८३ सालच्या मे महिन्यातला पहिला शुक्रवार. रक्कम दोनशे चाळीस दिनार. हजर आम्ही तिघे: मी, माझ्या खोलीत राहणारा संगमेश्वराकडचा क्रेनचालक, जो इथल्या, आखातातल्या मीना सलमान बंदरावर कामाला होता, आणि माझ्या कंपनीतला हाँगकाँगचा चिनी ड्राफ्ट्समन. ठिकाण माहूजमधली आमची खोली.

दोनशे चाळीस दिनार हा माझा रजेचा पगार. कंपनीचा नियम असा, की दर दोन वर्षांनी रजा आणि विमानाचे तिकीट घ्या, नाहीतर रजा सोडून रोख घ्या. १९७७ साली मी आलो तेव्हा बायकोला पाचवा महिना होता. १९७९ च्या रोखीत गावी घराचे जोते झाले, १९८१ च्या रोखीत भिंती उठल्या. आता स्लॅब राहिला होता. मुलाला सहावे लागले होते आणि मी त्याला फोटोतच पाहिले होते. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचा होता.

टेबलावरचा फॉर्म आणि शेजारचा फोटो पाहून ड्राफ्ट्समनने एक गोष्ट सांगितली. तो इंग्रजीत सांगे, मी क्रेनवाल्यासाठी मराठीत.

फार पूर्वी चीनमध्ये मोठा पूर आला. एका माणसाने नऊ वर्षे बांध घातले, ते टिकले नाहीत. मग त्याच्या मुलाला, यूला, कामाला लावले. त्याने पाणी अडवले नाही, चर खणून समुद्राकडे नेले. तेरा वर्षे लागली. तेवढ्या काळात तो तीनदा स्वतःच्या दारावरून गेला. आत तान्हे मूल रडत होते, तरी आत गेला नाही. पुढे त्याला राजा केले.

“तेरा वर्षं नक्की?” मी विचारले.

“दुसऱ्या एका ग्रंथात आठ आहेत.”

“मग खरं कुठलं?”

“यू खरंच होता का, हेही कुणी खात्रीने सांगत नाही.”

मी कागदावर भागाकार केला. तेरा धरली तर चार वर्षे चार महिन्यांनी एक फेरी. आठ धरली तर दोन वर्षे आठ महिन्यांनी. आणि तिन्ही वेळा मूल तान्हेच कसे?

क्रेनवाला म्हणाला, “भाऊ, दोनदा तुम्हीपण गेलात दारावरनं. आता एकदाच राहिलंय. मग राज्य तुमचंच!”

ड्राफ्ट्समनला वाटले, गोष्ट आवडली. तो पुढे सांगू लागला. यूच्या आधी गादी मुलाला मिळत नसे, लायक माणसाला मिळे. यूनेही एका मंत्र्याचे नाव सांगून ठेवले होते. पण यू मेल्यावर लोक मंत्र्याकडे गेले नाहीत, यूच्या मुलाकडे गेले. तेव्हापासून गादी बापाकडून मुलाकडे जाऊ लागली. ते श्या, चीनचे पहिले घराणे.

घराणे हा शब्द माझा, तो ‘डायनॅस्टी’ म्हणाला होता. इंग्रजीत ऐकताना मला काहीच खटकले नव्हते.

“थांबा थांबा,” क्रेनवाला म्हणाला. “जो घरात गेला नाही, त्याचं घराणं? विचारा ना भाऊ त्याला, त्या पोरानं बापाला ओळखलं तरी कसं?”

मी विचारले. ड्राफ्ट्समन म्हणाला, “ते कुठे लिहिलेलं नाही.”

“मग मी जावं की जाऊ नये? तुझं म्हणणं काय?”

“माझं काहीच नाही. फोटो बघून आठवलं, एवढंच.”

आमच्याकडे शाळेत ही गोष्ट कर्तव्याची म्हणून सांगतात, असे तो जाताना म्हणाला. म्हणजे रोख घ्यावी, असे मी धरले. जिन्यावरून त्याने हाक मारून विचारले, मुलासाठी काय नेणार? माझा पुन्हा गोंधळ झाला.

शनिवारी ऑफिसात मी रोखीच्या चौकोनात खूण केली. मग ती खोडली. खाडाखोड चालत नाही म्हणून कारकुनाने दुसरा फॉर्म दिला. त्यावर रजेच्या चौकोनात खूण करून मी बाहेर पडलो. आठ की तेरा, ते अजून सुटले नव्हते.

तिथून तार ऑफिसात गेलो. तारेला शब्दांवर पैसे पडत. मजकूर रोमन अक्षरांत लिहिला, तीन शब्दांचा: येतो स्लॅब थांबवा. बाकीचे शब्द पत्त्याचे.

दोनशे चाळीस दिनार आले नाहीत. तारेचा एक दिनार नऊशे फिल्स मात्र खिडकीतल्या कारकुनाला दिले.