बाबांचे हात आणि पुढचा डावा ब्रेक

मागच्या रविवारी मयूर विहारला आईबाबांकडे गेले होते. जेवणं झाली आणि बाबांनी गाडीची किल्ली माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "ही घेऊन जा आणि विकून टाक. मी आता चालवणार नाही."

बाबा सरकारी नोकरीतून निवृत्त. दिल्लीच्या ट्रॅफिकमध्ये त्यांचा उभा जन्म गेलाय. कारण विचारलं तर 'वय झालं' एवढंच उत्तर... मीही फार खोदलं नाही. वय झालंच आहे.

खरं कारण आईनं सांगितलं, लिफ्टपर्यंत सोडायला आली तेव्हा. महिन्याभरापूर्वी फ्लायओव्हरखाली बाबांना एकदम ब्रेक मारावा लागला, तर गाडी उजवीकडे गेली. एक सायकलवाला थोडक्यात वाचला. बाबांची खात्री झाली की आपलाच हात हलला.

आजोबांना शेवटी शेवटी कंपवात होता. बाबांच्या डोक्यात तेच बसलं. तेव्हापासून ते चहा अर्धा कपच मागतात आणि कप दोन्ही हातांनी धरतात. न्यूरॉलॉजिस्टची वेळसुद्धा घेऊन ठेवली होती, कुणाला न सांगता... अर्थात आईला सगळं माहीत होतं.

ऐकून वाईट वाटलं. गाडी घेतली आणि गुडगावला, माझ्या घरी निघाले.

धौला कुआंच्या अलीकडे पुढच्या बसनं अचानक ब्रेक मारला. मीही मारला. गाडी सरळ थांबायची सोडून उजवीकडे ओढली गेली... आणि या वेळी स्टिअरिंगवर माझे हात होते.

मी मानेसरला गाड्यांचे पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीत आहे. पार्ट का बिघडला हे शोधायचा पगार मिळतो, त्यामुळे गप्प बसवेना. घराजवळच्या रिकाम्या रस्त्यावर, मागेपुढे कुणी नाही असं बघून, परत परत ब्रेक मारून पाहिला. दर वेळी उजवीकडेच.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि नेहमीच्या गॅरेजमध्ये गेले. पुढची चाकं उतरवली. उजवीकडचे दोन्ही ब्रेक पॅड सारखे झिजलेले, अगदी शहाण्यासारखे. डावीकडचा आतला पॅड मात्र जवळजवळ पत्र्यापर्यंत संपलेला, आणि त्याचा बाहेरचा जोडीदार नव्यासारखा.

मेकॅनिक म्हणाला, "मैडम, पैड बदल देते हैं, काम खतम." मी म्हटलं, नवे पॅडही असेच झिजतील, आधी कारण बघू. त्याला पटलं. पॅडला ढकलणारा पिस्टन दाबून पाहिला, तो बिनतक्रार आत गेला. म्हणजे दोष तिथे नव्हता.

ब्रेक मारला की कॅलिपर, म्हणजे पॅड धरणारी चौकट, दोन पिनांवर सरकतो, आणि मग दोन्ही पॅड मिळून चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिमट्यासारखे पकडतात. आमच्या डाव्या बाजूची एक पिन गंजून जाम झाली होती. कॅलिपर सरकायचाच बंद झाला, बिचारा आतला पॅड एकटाच राबत होता. डाव्या चाकाची पकड कमी, उजवं आपलं काम चोख करतंय... मग जोरात ब्रेक मारला की गाडी उजवीकडे जाणारच.

पिनेवरचं रबर फाटलेलं होतं, आत पाणी गेलेलं. हे पाणी आलं कुठून, याचा विचार करताना मला हसूच आलं.

बाबांची गाडी डिझेल, प्रदूषणाच्या जुन्या बीएस-फोर नियमांतली. हिवाळ्यात हवा बिघडली की अशा गाड्यांवर बंदी येते. बंदी उठली तरी बाबा 'परत लागेल' म्हणून गाडी जागची हलवत नाहीत... नियम म्हणजे नियम. पण सोसायटीत गाड्या धुणाऱ्यावर काही बंदी नव्हती. तो रोज सकाळी इमानदारीत चाकांवर बादली ओतत होता. अख्खा हिवाळा गाडी एका जागी उभी, आणि रोज अभ्यंगस्नान.

पिना, रबरं आणि दोन्ही बाजूंचे पॅड करोल बागेतून मागवले. पिनांना साधं नाही, उष्णता सोसणारं ग्रीस लावून घेतलं. डिस्कवर चरे होते, पण जाडी मोजली, ती चालण्यासारखी निघाली. संध्याकाळी गाडी मऊ आणि सरळ थांबायला लागली.

बाबांना फोनवर काही सांगितलं नाही. त्यांना वाटलं असतं, ही आपली समजूत काढतेय. सरळ मयूर विहारला गेले आणि डायनिंग टेबलवर पेपर पसरून ते दोन पॅड त्यांच्यासमोर ठेवले, एक जाड, एक झिजलेला.

त्यांनी चष्मा लावून दोन्ही उलटसुलट पाहिले. मग एवढंच विचारलं, "तुझ्या हातातसुद्धा ओढली?"

"हो बाबा. दर वेळी."

त्यांनी चपला घातल्या. आम्ही दोघंच खाली गेलो. सोसायटीमागच्या रिकाम्या रस्त्यावर त्यांनी ब्रेक मारला, गाडी सरळ थांबली. परत मारला. मग जरा वेग घेऊन जोरात मारला... सरळ.

त्यांनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"महिनाभर रोज सकाळी हात पुढे धरून बघत होतो गं," ते म्हणाले. "आईला सांगू नकोस."

मी हो म्हटलं. त्यांचा हात धरावासा वाटला, तो धरला. आमच्या घरात हे फारसं होत नाही.

न्यूरॉलॉजिस्टच्या वेळेचंही मग त्यांनीच सांगितलं; ती मी रद्द करू दिलेली नाही. शंका एकदा मनात आली की डॉक्टरांनीच ती काढलेली बरी. उद्या सकाळी जायचंय... गाडी बाबा चालवणार आहेत, मी शेजारी बसणार आहे, आणि खरं सांगते, या आठवड्यात याहून बरं मला कशाचं वाटलेलं नाही.