पंपावरचं अक्षर

जुन्या मोटारींच्या शर्यतीला मी एकदाच गेले आणि डोकं तापवून घरी आले. ते अजून निवलेलं नाही.

वाशीजवळ पावणे गावात आमचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. आजोबांची भातशेती ज्या औद्योगिक वसाहतीत गेली, त्याच वसाहतीत बाबांनी खटपट करून एक गाळा मिळवला. डिप्लोमा झाल्यावर मीही तिथेच त्यांच्या हाताखाली उभी राहिले. एकदा नेरूळचे एक साहेब त्यांची गाडी घेऊन आले. इंग्रजांच्या काळातल्या कुठल्याशा कलेक्टरची ती गाडी त्यांच्या आजोबांनी विकत घेतलेली. तिचा पाण्याचा पंप फुटला होता आणि तसला पंप आता विलायतेतही मिळत नव्हता. बाबांनी फुटक्या पंपावरून लाकडी साचा केला, पितळेचं ओतकाम करून आणलं आणि दीड महिना खपून लेथवर कातून नवा पंप उतरवला. गाडीत बसवण्याआधी त्याच्या अंगावर पोलादी पंच ठोकून आपल्या नावाचं पहिलं अक्षर उमटवलं, मराठीत. तो पंच त्यांनी स्वतःच घडवलाय. काम मनासारखं उतरलं तरच तो कपाटातून बाहेर येतो. माझ्या एकाही कामासाठी अजून आलेला नाही.

शर्यत वाशीपासून लोणावळ्यापर्यंत होती. साहेबांनी आम्हाला मागच्या सीटवर बसवून नेलं, वाटेत काही बिघडलं तर हाताशी असावं म्हणून. काही बिघडलं नाही. गाडी एका दमात घाट चढली. दोन गाड्या अर्ध्या घाटात वाफा सोडत उभ्या होत्या आणि एक तर ट्रकवर चढवूनच वर आणली होती.

वर एका क्लबच्या हिरवळीवर गाड्या तपासून कप ठरवणारे एक परीक्षक होते. आपल्यातलेच गृहस्थ, पण मराठीचा विटाळ होऊ नये अशा बेताने बोलत होते, आणि भर उन्हात कोट-टाय. त्यांनी बॉनेटखाली टॉर्च मारला आणि ते अक्षर पाहून हे काय म्हणून विचारलं. बाबांनी कौतुकाने सांगितलं, पंप मी केलाय. परीक्षकांनी हसून कागदावर काहीतरी लिहिलं आणि आमची गाडी बाद झाली, कारण पंप ओरिजिनल नव्हता. कप ट्रकवरून आलेल्या गाडीला मिळाला.

ओरिजिनल म्हणजे काय, असं मी विचारलंच. लहान मुलाला सांगावं तसं त्यांनी मला इंग्रजीत सांगितलं की विलायतेतल्या कारखान्यातून निघाली तशी. गाडी चालते की नाही, हे त्यांच्या कागदावर कुठेच नव्हतं. इंग्रज जाऊन पिढ्या उलटल्या, तरी पावण्यातल्या माणसाचा हात लागला की यांची गाडी बाटते. मला तिथेच रडू आलं, संतापाने.

आठवड्याने साहेब गाडी घेऊन वर्कशॉपमध्ये आले. फार गोड बोलले. पंप उत्तमच आहे, फक्त तेवढं अक्षर काढून टाका, पुढच्या वर्षी कुणाला कळणारही नाही, म्हणाले. बाबांनी पंप गाडीतून सोडवून वाइसच्या जबड्यात धरला. त्यांच्या आधी मी कानस उचलली आणि साहेबांपुढे केली.

"अक्षर तुम्हाला नकोय ना? मग तुम्हीच घासा."

साहेबांना ती थट्टा वाटली. मी हात मागे घेतला नाही. बाबांनी मला दटावलं, तरी नाही. शेवटी साहेबांनी कानस घेतली, पावाला लोणी लावायची सुरी धरावी तशी. पहिल्याच फटक्यात ती घसरली आणि पंपावर तिरका ओरखडा उठला. बाबांना ते बघवेना.

"आना इकरं, साहेब," ते म्हणाले. "पितल खराब होल."

त्यांनी कानस घेतली, आधी साहेबांचा ओरखडा काढला आणि मग सारख्या हाताने आपलं अक्षर घासून टाकलं. वरून अंगठा फिरवून पाहिला. तिथे काही होतं असं कुणी म्हणालं नसतं.

साहेबांचा राग येतो तो येतोच. पण बाबांनी ते इतकं सफाईने घासलं, याचा मला जास्त येतो.