दुसऱ्या कार्बोरेटरखालची शीळ

कवळीकाका हे नाव गल्लीनं दिलेलं, आणि ते रास्तच होतं. चाळीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या घडवल्या. आजूबाजूच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्यांच्या हातचं. काकू टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन लावून त्यांनी इतक्या लोकांना जोडून दिलं, की नुसत्या श्वासावरून त्या ओळखायच्या, हा माणूस भांडायला फोन करतोय की माफी मागायला.

संसारात तिसरी आली ती गाडी. दोन माणसांची, बुटकी, हिरवी, डोक्यावर कापडी टप. एका डॉक्टरांच्या शेडमध्ये गंजत पडली होती. काकांनी ती ओढून घरी आणली आणि दोन वर्षं रविवारमागून रविवार खपून चालती केली. कानामागून आली नि तिखट झाली, असं काकू म्हणायच्या. काकांच्या तोंडी 'माझी गाडी', काकूंच्या तोंडी 'तुमची गाडी'. अठ्ठावीस वर्षांत यात कधी बदल झाला नाही.

इंजिनाला दोन कार्बोरेटर. हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला भरवायचं हे त्यांचं काम. दोघांनी सारखंच भरवायला हवं, नाहीतर गाडी रुसते. काकांची पद्धत साधी होती. हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कार्बोरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानाशी. आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचा, मग दुसऱ्या कार्बोरेटरचा, आणि दोन्ही आवाज सारखे होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. यासाठी यंत्रं मिळतात. पण हिरडीवर कवळी बसली की नाही हे ज्यानं बोटांनी ओळखलं, त्यानं यंत्र कशाला घ्यावं?

या वर्षी मात्र गाडी बिनसली. उभ्या जागी अडखळायची, चौकात बंद पडायची. काकांनी प्लग बदलले, वायरी बदलल्या, पेट्रोलपंपवाल्याला नावं ठेवली, कार्बोरेटर तीनदा खोलून धुतले. रोग रेड्याला, औषध पखालीला! दोन महिने ते गॅरेजमधून काळे हात आणि त्याहून काळं तोंड घेऊन आत यायचे. काय झालं विचारलं तर ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. आणि एकदा जेवताना, मीठ मागावं तसं, त्यांनी सांगून टाकलं की गाडी विकतोय. गिऱ्हाईक ठरलंय, रविवारी फोन करून येईल.

सुंठीवाचून खोकला गेला, असं काकूंना वाटायला हवं होतं. ते वाटलं नाही. गाडी गेल्यावर हा माणूस रविवारी काय करेल, ते त्यांना लख्ख दिसलं. खिडकीशी खुर्ची आणि हातात न वाचलेला पेपर. अलीकडे ते तसेही कमी बोलायचे. कुणी शेजारी आलं की काहीतरी निमित्त काढून गॅरेजमध्ये जायचे. आता तीही जागा राहणार नव्हती.

रविवारी सकाळी काकांनी इंजिन सुरू केलं. गिऱ्हाइकापुढे लाज नको म्हणून एक शेवटचा प्रयत्न. स्वयंपाकघराची आणि गॅरेजची भिंत एकच आहे. काकू भांडी विसळत होत्या. त्यांनी नळ बंद केला. तीच ती बारीक शीळ, दोन महिने डोकं उठवणारी. हात पुसत त्या गॅरेजमध्ये गेल्या. काका नळी कानाला लावून, डोळे मिटून, इंजिनावर वाकले होते. काकूंनी नळी त्यांच्या हातातून काढून घेतली.

नळी कानाशी गेली आणि काकू पुन्हा कामावर रुजू झाल्या. पहिला कार्बोरेटर ठीक. दुसराही ठीकच. मग त्या नळीचं टोक हळूहळू खाली नेत गेल्या. दुसरा कार्बोरेटर इंजिनाला जोडला होता, त्या सांध्यामागे शीळ एवढी मोठी झाली की त्यांनी मान मागे घेतली. त्यांनी बोट दाखवलं. काकांनी शिवणयंत्राच्या तेलाची कुपी उचलली आणि तिथे चार थेंब सोडले. इंजिनाचं अडखळणं थांबलं. काकांचा तळहात गाडीच्या पत्र्यावर होता, त्यांच्या हातालाच ते कळलं. सांध्यातलं पॅकिंग फाटलं होतं आणि इंजिन तिथून चोरून हवा घेत होतं.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"मग आधी सांगायचं ना," काका म्हणाले.

"सांगितलं होतं. तीनदा."

एकदा त्यावर काका 'आलो, आलो' म्हणाले होते, एकदा 'हो, खाल्लं', आणि एकदा नुसतेच हसले होते. बायकोचं बोलणं म्हणून कानाडोळा करताहेत, असं काकूंनी धरून चाललं होतं.

काकांनी तेलाच्या कुपीला झाकण लावलं. "मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "वर्ष होऊन गेलं. नळीतसुद्धा काही येत नाही."

काकूंना रडू आलं आणि काकांचा रागही आला. एवढ्या थंडीतसुद्धा हा माणूस टप खाली पाडून का फिरायला नेतो, ते आत्ता उलगडलं. उघड्या गाडीत वाऱ्यापुढे कुणालाच ऐकू येत नाही. तिथे दोघंही 'काय? काय?' करत ओरडत असायचे. तेवढा वेळ काका बहिरे नसायचे. आणि आपण मात्र शेजारी बसून केसांच्या नावानं कुरकुरत होतो. परक्यांचे श्वास ओळखणाऱ्या आपल्याला घरातलं माणूस ओळखता आलं नाही, हे काकूंना फार लागलं.

काकांनी पॅकिंगचा जाड कागद काढला आणि कवळ्या कोरायच्या पातीनं नवा तुकडा कापला. तासाभरात तो बसला. मग काकू नळी धरून उभ्या राहिल्या आणि काका स्क्रूपाशी. काकूंचा दुसरा हात काकांच्या पाठीवर होता. एकदा दाबलं की आणखी फिरवा, दोनदा दाबलं की मागे घ्या, थोपटलं की बास. पहिल्यांदा काकांनी उलटा फिरवला, तेव्हा एक धपाटाही बसला. शेवटी दोन्ही आवाज सारखे झाले. काकूंनी थोपटलं आणि हात तिथेच राहू दिला.

फळीवर काकांचा फोन वाजत होता, त्यांना पत्ताच नव्हता. काकूंनी उचलला. गिऱ्हाईक होतं, निघू का म्हणून विचारत होतं. जुन्या सवयीनं काकूंनी फोनवर तळहात दाबला आणि चार घरांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, काय सांगू.

काकांनी फडक्याला हात पुसले. स्वच्छ झाले तरी पुसत राहिले.

"सांग, गाडी आमची आहे. दोघांची," ते म्हणाले. "मला एकट्याला विकता येत नाही."

काकूंनी ऑपरेटरच्या गोड आवाजात तसंच सांगितलं. उद्या कानाच्या डॉक्टरकडे जायचंय, हे काकांना मात्र गोड आवाजात सांगितलं नाही. बाहेर गार वारा सुटला होता. काकांनी न विचारताच टप खाली पाडायला घेतला, आणि काकू स्कार्फ आणायला आत गेल्या.